वळणावरचा आकडा

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर आनंदा तोडकर पुढच्या सोप्यात चटई टाकून आडवा होतो. डोळा लागेल असं त्याला वाटत नाही. उद्या सकाळी आठ वाजता जिल्ह्याच्या शालेय क्रॉसकंट्रीत त्याची लेक सानिका पळणार आहे. आत खोलीत ती पिशवी भरते आहे. चेन लावल्याचा आवाज येतो, मग उघडल्याचा, मग पुन्हा लावल्याचा. वर पंखा फिरतो. त्याचं एक पातं जरा वाकलं आहे, त्यामुळे दर फेरीला टक् वाजतं. आनंदा ते टक् मोजू लागतो. मोजायची त्याला सवयच आहे.

तो मोटारी भरतो. शेतातल्या पंपाची मोटार जळली की त्याच्या दुकानात येते. जळकी तार उपसायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळायची, आधी जितके वेढे होते तितकेच. दोन-चार कमी पडले तर मोटार तापते आणि महिन्याभरात परत दारात येते. सव्वीस वर्षांत आनंदाचा आकडा चुकला नाही असं गावात म्हणतात. त्याची बायको शालन यावरून चारचौघांत त्याची थट्टा करायची. लग्नात ह्यांनी मंगलाष्टकं मोजली, म्हणायची, आणि सातच झाली म्हणून भटजींना अडवलं.

शालनला जाऊन आता वर्ष होईल.

सानिका पळायला लागल्यापासून तीन वर्षं प्रत्येक शर्यतीला शालनच जायची, आणि दरवेळी एकाच जागी उभी राहायची. बाकीचे आईबाप मांडवाच्या सावलीत थांबतात, जिथून पोरी सुटतात आणि जिथं परत येतात. शालन तलावाच्या मागं, वळणावर जायची. तिथं कुणी नसतं. चार किलोमीटरमधलं तिसरं तिथं संपतं आणि पोरींचा ऊर फुटायला येतो. पहिल्या सहा जणी राज्याला जातात. आपण सहात आहोत की बाहेर, हे पळणारीला कळत नाही, ते बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं. शालन तिथं एकटी उभी राहून लेकीला ओरडून सांगायची, ती कितवी आहे ते.

मागच्या वर्षी शर्यतीच्या दिवशी शालन तालुक्याच्या दवाखान्यात होती. कावीळ उलटली होती. तिनंच आनंदाला हुसकून लावलं, माझ्या जागी जाऊन उभे राहा म्हणाली. तो गेला. पोरी आल्या तशा त्यानं मोजल्या आणि सानिका समोर आल्यावर ओरडून सांगितलं, सातवी. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मान हलवली, आणि तिचे खांदे सैल पडले. दमली पोरगी, असं त्याला वाटलं. ती सातवीच आली. सहावी तिच्यापुढं पाच-सहा पावलांवर होती. आनंदा मांडवापाशी पोचला तेव्हा सानिका रेषेपलीकडं उभी होती, आणि तिला म्हणावी तशी धापसुद्धा लागलेली नव्हती.

दुपारी दोघं दवाखान्यात गेली. शालननं विचारलं, कितवी? आनंदानं जन्मात पहिल्यांदा खोटा आकडा सांगितला. पाचवी म्हणाला. निवड झाली म्हणाला. सानिका खाटेच्या पायथ्याशी उभी होती, ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना शालन गेली.

त्या दिवसाबद्दल बापलेकीत आजवर एक अक्षर निघालेलं नाही. आज जेवताना सानिका ताटातून मान वर न करता म्हणाली, "पप्पा, उद्या या. पण वळणावर नका उभं राहू."

का, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. आता तेच उराशी घेऊन तो पडला आहे. त्या खोट्याची शिक्षा देते आहे ती, असं त्याला वाटतं. तिचं बरोबर आहे, असंही वाटतं. टक्. टक्. एकशे बारा. एकशे तेरा.

एकशे चौदाव्याला हातात तार येते.

तो दुकानात बसला आहे. मोटार पुढ्यात आहे, तार सरसर आत जाते आहे, पण खाच काही भरत नाही. दारात कुणीतरी येऊन उभं राहतं आणि उजेड अडतो. मोटार झाली नाही अजून, उद्या या, असं तो मान वर न करता सांगतो.

"मोटार ऱ्हाऊ द्या," शालन म्हणते. "पोरी सुटल्या की."

तिनं पदर खोचला आहे आणि चपला हातात घेतल्या आहेत. शर्यतीच्या दिवशी ती अशीच असायची. डाव्या मनगटावर सलाईनची चिकटपट्टी आहे, तिच्याखाली कापसाचा बोळा. आनंदाला नवल वाटत नाही. बरं वाटतंय का, असं तो विचारतो, आणि ती म्हणते की वाटेत तुम्ही हे तीनदा विचारलंत. कुठली वाट, ते त्याला आठवत नाही. दुकानाला मागचं दार नाही. ते दार उघडून दोघं बाहेर पडतात, तर समोर तलाव.

तलावात पाणी नाही. तळाला भेगा गेल्या आहेत, आणि तरी शालन पाऊल टाकते तिथं चिखल होतो. वळणावर आज गर्दी आहे. दवाखान्यातले लोखंडी बाक मांडले आहेत आणि त्यांवर माणसं हातात नंबराच्या चिठ्ठ्या घेऊन बसली आहेत. आनंदाला त्यांतलं कुणी ओळखीचं दिसत नाही. शालन मात्र सगळ्यांना ओळखते. एकीला वहिनी म्हणते, एका म्हाताऱ्याला पाय आवरायला सांगते, आणि सगळ्यांना एकच सांगत सुटते, की आमची पोरगी गेल्या वर्षी पाचवी आली, राज्याला जाऊन आली, आता ह्या वर्षी बघा.

बाकावरची एक बाई आनंदाला विचारते, खरं का?

आनंदा तिच्या पायाकडं बघतो. तिच्या पायातही चपला नाहीत.

"त्यांना काय इचारताय," शालन म्हणते. "त्यांच्या तोंडनं आकडा चुकत न्हाई."

ती हे अभिमानानं म्हणते. आनंदाला वाटतं, आता सांगावं. तेवढ्यात पोरी येतात.

त्या तलावाच्या तळातून वर येतात, छातीवर नंबर लावलेल्या, एकीमागून एक. शालन बांधावर चढते आणि ओरडायला लागते. ज्यांची नावं माहीत नाहीत त्यांना ती नंबरानं हाक मारते. आपली पोरगी, परकी पोरगी असं तिच्याकडं कधी नव्हतं.

"तीनशे बारा, हात खाली सोड बाई, धुणं वाळत घालतीयास व्हय?"

तीनशे बारा हसते आणि हात खाली सोडते. मग शालन मागं वळून आनंदाला म्हणते की तुम्ही काय खांबासारखे उभे. खांबातनं निदान वीज तरी जाते.

आनंदा ओरडत नाही, तो मोजतो आहे. एक, दोन, तीन. लाल रिबिनीची चौथी. पाचवी बुटकी. सहावीच्या गुडघ्याला खरचटलं आहे. सहावीनंतर पुन्हा पहिली येते. मग दुसरी, तिसरी, लाल रिबीन, बुटकी, खरचटलेला गुडघा. पुन्हा पहिली. त्या सहा जणीच फिरून फिरून येतात आणि सातवी काही येत नाही. आनंदा नव्यानं मोजायला लागतो. सानिका कुठं आहे, असं तो विचारतो.

येती की, असं शालन म्हणते, पण आता ती बांधावर नाही. ती बसली आहे, आणि तिच्याखाली खाट आहे.

दोन्ही बाजूंना खाटा आहेत. मधल्या वाटेनं त्या सहा जणी पळत जातात, फरशीवर चिखलाची पावलं उठतात. नळी अडकू नये म्हणून नर्स सलाईनची बाटली हातानं उंच धरते. रोगी पाय जवळ घेतात. कुणाला काही वावगं वाटत नाही. वर पंखा फिरतो आहे आणि दर फेरीला टक् वाजतं.

शालन आडवी झाली आहे. तिचे डोळे त्या दिवशीसारखे पिवळे आहेत. ती हात पुढं करते, आनंदा तो धरतो. हात गार नाही, तापलेला आहे.

"कितवी?" ती विचारते.

हा प्रश्न आनंदाला पाठ आहे. वर्षभर रोज दुकानाचं कुलूप काढताना, रोज तार तोडताना त्यानं याचं उत्तर दिलं आहे. पाचवी हा शब्द आताही त्याच्या जिभेवर येतो. तो गिळतो.

"सातवी," तो म्हणतो. "सातवी आली, शालन. निवड झाली न्हाई."

पोरी पळतच राहतात, पण त्यांच्या पावलांचा आवाज बंद होतो. शालन त्याच्या हातातला हात काढून घेत नाही. ती वर पंख्याकडं बघते. तिनं चिडावं, काहीतरी फाडकन बोलावं, असं आनंदाला वाटतं. ती चिडत नाही.

"मी तिकडं समद्यांना सांगून बसले," ती म्हणते. मग थोड्या वेळानं, "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी पुन्हा इचारलं असतं. तुमी सांगितलंत म्हणून धरून चालले."

आनंदाला तिच्याकडं बघवत नाही. तो तिच्या मनगटावरची पट्टी बघतो. पट्टीचं एक टोक सुटलं आहे, ते तो अंगठ्यानं दाबून बसवतो. ते पुन्हा सुटतं.

मग शालन उशीवर मान वळवते, आणि गिऱ्हाईकाला मोटार कशी जळली ते तो विचारतो तसं त्याला विचारते. वळणावर उभे होतात ना? तिला काय सांगितलंत?

"सातवी सांगितलं."

"आन् होती कितवी?"

"सातवीच. मोजून सांगितलं मी."

शालन डोळे मिटते.

"अवो," ती म्हणते, "मी तीन चढवून सांगायची."

त्याला कळत नाही. ती सांगते ते हळू सांगते, मध्ये मध्ये दम घेत. पहिल्याच वर्षी पोरगी सहावी असताना तिनं नववी म्हणून हाळी दिली होती, भ्यायली म्हणजे जोर करील म्हणून. सानिकानं दुसऱ्या शर्यतीला ते ओळखलं. घरी आल्यावर बोलली काही नाही, नुसती बघून हसली. तेव्हापासून आईनं नऊ म्हणायचं आणि लेकीनं सहा धरायचं. बारा म्हणायचं आणि नऊ धरायचं. दोघींनी हे कधी ठरवलं नाही, कधी एकमेकींना विचारलं नाही.

"मज्जा होती आमची ती," शालन म्हणते, आणि क्षणभर खरंच हसते. मग तिचं हसू जातं. "तुमी सात म्हणालात. तिनं चार धरला."

आनंदाच्या डोळ्यापुढं सानिकाचे ते सैल पडलेले खांदे येतात. वर्षभर तो ते खांदे दमलेले समजत आला. ते दमलेले नव्हते. आपण चौथ्या आहोत, सहाच्या आत आहोत, आता भ्यायचं कारण नाही, असं समजून ते निवांत झाले होते. त्याच्या खऱ्या आकड्यानं ते निवांत झाले होते.

मला का नाही सांगितलंस, असं तो म्हणतो. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघतो, आणि पलीकडच्या खाटेवरचा माणूस मान वळवतो.

"कवा सांगू? तीन वर्षांत एक दिवस दुकान बंद ठेवून आलात का वळणावर?"

ती हे रागानं म्हणत नाही. रागानं म्हणाली असती तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं. त्या दिवशी तुम्हाला धाडताना मला तरी कुठं सुचलं, असंही ती पुटपुटते. डोकं जाग्यावर नव्हतं.

उद्या पुन्हा शर्यत आहे, तो सांगतो. पोरगी वळणावर येऊ नका म्हणते. गेलो तर काय सांगू, खरा आकडा की तुझा? तो दोनदा विचारतो. शालनचं लक्ष नाही. ती दाराकडं कान देऊन आहे.

"आली," ती म्हणते.

वॉर्डाच्या त्या टोकाला सानिका दिसते. एकटी पळत येते आहे. तिच्यापुढं कुणी नाही आणि मागं कुणी नाही. त्या सहा जणी कुठं गेल्या ते कळत नाही. आनंदा मोजायला बघतो, पण मोजायला कुणी नाही. पुढं कुणी नसताना आणि मागं कुणी नसताना माणूस कितवा असतो? शालन कोपरावर उठली आहे.

"सांगा की. तोंड काय बघत बसलाय?"

तो तोंड उघडतो. आवाज येत नाही. मग येतो, आणि एकदा आला तो थांबत नाही. सात, तो ओरडतो. दहा. चार. सात. प्रत्येक आकड्याला सानिकाचे खांदे आवळतात आणि सैल पडतात, आवळतात आणि सैल पडतात. ती त्याच्याकडं बघत नाही. ती खाटेजवळून जाते, तिच्या अंगाची गरम हवा त्याला लागते, आणि ती दारातून बाहेर पडते. बाहेर माळ आहे. माळावर फक्कीची रेघ कुठं नाही, आणि वळणही नाही. ती सरळ जाते आहे.

शालन खाटेवरून उतरते. मनगटाची पट्टी लोंबते आहे. तोही उठायला बघतो तर ती हातानं त्याला खाली बसवते.

"तुमी हितंच थांबा," ती म्हणते. "वळणावर कुणीतरी पायजे."

आणि ती अनवाणी पळत सुटते, पोरीच्या मागं. चिखलाची पावलं उठत जातात. आनंदा ओरडतो. थांब म्हणून ओरडतो, आकडे ओरडतो. दोघींतल्या कुणाला ओरडतो आहे ते त्याला कळत नाही. दोघी लहान लहान होत जातात आणि दोघींपैकी एकही मागं बघत नाही.

उन्हाची तिरीप उंबऱ्यापर्यंत आली आहे. वीज गेली आहे, पंखा थांबला आहे. सानिका त्याच्या खांद्याला धरून हलवते आहे, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या आहे.

किती ओरडत होता, ती म्हणते. शेजारच्या सगुणाकाकी दारात येऊन बघून गेल्या. मला वाटलं विंचूबिंचू चावला.

काय ओरडत होतो, असं त्याला विचारायचं आहे. तो तोंड उघडतो. नुसती हवा बाहेर येते. तो खाकरतो, पुन्हा बघतो. घसा खरवडून निघाल्यासारखा झाला आहे, आणि आवाज म्हणून काही उरलेलाच नाही. पाणी प्यायल्यावरही येत नाही.

"आकडे," सानिका म्हणते, त्याचं तोंड वाचून. "सात, दहा, चार. पुन्हा सात." ती उंबऱ्याकडं बघत म्हणते.

आनंदा तिचं मनगट धरतो आणि तिला जवळ ओढतो. श्वासातनं जेवढे निघतील तेवढे शब्द तो काढतो.

"आई तीन चढवून सांगायची?"

सानिका तांब्या खाली ठेवते. मग स्वतःही खाली बसते, चटईच्या कडेला. आत उघड्या पिशवीतून बूट डोकावतात.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्याचे ओठ हलतात. ऐकू येण्यासारखं काही निघत नाही. ती पुन्हा विचारत नाही.

मग ती आपणहून सांगते. मागच्या वर्षी तलाव मागं टाकून शेवटच्या सरळ पट्ट्यात आल्यावर तिला पुढच्या पोरींच्या पाठी दिसल्या. तिला वाटलं होतं तीन असतील. मोजल्या तर सहा. तेव्हा कळलं, की पप्पांनी खरा सांगितला. मग ती पळाली, पण मैदान संपलं. त्याच दिवशी तिनं ठरवलं की हे पप्पांना सांगायचं नाही. तुम्ही आईला पाचवी म्हणालात तेव्हा मी गप्प बसले, ती म्हणते, तसंच हे. एकदा गप्प बसल्यावर मग बोलायला जमेना.

आनंदा तलावाच्या दिशेनं हात करतो, मग स्वतःकडं बोट करतो. मग का नको म्हणालीस?

"तुम्ही आकडा सांगितला की तो कसा धरायचा, ते मला कळणार नाही," सानिका म्हणते. "पळताना तेवढा विचार होत नाही, पप्पा. आई सांगायची तेव्हा करावा लागायचा नाही."

ती नखानं चटईची काडी उचकटते. मग विचारते, उद्या आलात वळणावर, तर खरा सांगणार की आईचा?

तो छातीवर हात ठेवतो.

"खरा?"

तो मान हलवतो.

"आणि सांगणार कशानं?" ती म्हणते. तिच्या तोंडावर हसू येतं आणि अर्ध्यातच थांबतं, कारण त्याचा आवाज खरंच गेला आहे आणि शर्यत उद्या आठ वाजता आहे.

आनंदा दोन्ही हात वर करतो. बोटांनी दाखवीन, असं त्याला म्हणायचं आहे. एका हाताची पाच बोटं उघडतात, दुसऱ्याची दोन. दुसरा आकडा दाखवावा असं त्याच्या मनात येतं, पण बोटं हलत नाहीत.

सानिका त्या सात बोटांकडं बघत राहते. मग ती हात पुढं करते, त्यातलं एक बोट खाली दुमडते, सहा उरतात, आणि ते पुन्हा उघडू नये म्हणून आपल्या मुठीत दाबून धरते.